चांदीचं बेअरिंग आणि युद्धकाळातल्या वावड्या

दहा_अकरा_पाना

आजोबांच्या टेबलावर एक पेपरवेट असायचा. तळहातात मावेल एवढा, कमानीसारखा वाकलेला धातूचा तुकडा. बाहेरून पोलाद, आतून काळपट राखाडी, एका कडेला सोलवटलेला. एका दिवाळीला आईने देवाच्या उपकरण्यांबरोबर तोही रांगोळीने घासायला घेतला. आतली काळपट साय निघाली आणि खालून पांढराशुभ्र धातू वर आला. आजोबा म्हणाले, "चांदीच आहे ती. इंजिनातली."

आम्हाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

आजोबा युद्धाच्या काळात बंगलोरला विमान कारखान्यात फिटर होते. वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये काढलेला तोच कारखाना. १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाकडे गेला आणि ८४व्या एअर डेपोचं ओव्हरहॉलचं मोठं ठाणं झाला. डकोटा या मालवाहू विमानाची इंजिनं, म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीची आर-१८३०, तिथे उघडली जायची. चौदा सिलिंडर, दोन ओळींत सात-सात. एका ओळीतले सातही पिस्टन एकाच मुख्य दांड्याला, मास्टर रॉडला, जोडलेले, आणि त्या सातांचा मार क्रँकपिनवरच्या, म्हणजे हा दांडा ज्या खुंटीभोवती फिरतो तिच्यावरच्या, एकाच बेअरिंगने खायचा. १२०० अश्वशक्ती, मिनिटाला २७०० फेरे. इथे साधा व्हाइट मेटल (बेअरिंगला आतून ओततात तो मऊ पांढरा मिश्रधातू) टिकत नाही, तडे जाऊन त्याचे पोपडे निघतात. म्हणून पोलादाच्या कवचावर चांदी चढवलेली, चांदीवर शिशाचा पातळ थर, आणि त्या शिशात इंडियम नावाचा एक मऊ धातू जिरवलेला. आजोबांचा पेपरवेट म्हणजे असल्याच बेअरिंगचा तुकडा.

हे सगळं मला नंतर वाचून कळलं. आजोबा सांगायचे ते वेगळंच. ते सांगायचे त्या काळच्या वावड्या. चांदी बेअरिंगात घातली कारण तिकडच्या खाणवाल्यांना ती खपवायची होती. गरम झाली की चांदी क्रँकला चिकटते. इंडियम म्हणजे नुसतं पॉलिश, दर वाढवायला. आणि एक ठेवणीतली: तेल चांगलंच असतं हो, हे नवं बेअरिंगच तेलाला नासवतं. ही शेवटची कोणीतरी तेल विकणाऱ्यानेच सोडली असणार, असं आजोबांचं मत होतं. पण इंजिन उघडताना मनात पाल चुकचुकायचीच, हेही ते कबूल करायचे.

मला कुतूहल आहे ते या पालीचं. बेअरिंगबद्दलच्याच वावड्या इतक्या का चिकटतात? माझं उत्तर असं: तेल संपलं, गाळणी तुंबली, पंपाने हवा ओढली, थंड इंजिन कोणी एकदम रेटलं, काहीही झालं तरी मरतं बेअरिंगच. खोलल्यावर पहिलं हाती लागतं तेही तेच, आणि पुरावा वितळून इंजिनाच्या तळच्या तेलटाकीत गेलेला असतो. मग ज्याला जे विकायचं असेल त्याने त्या प्रेतावर तसा पंचनामा लिहावा.

जाणकारांनी भर घालावी.

चिमणी

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

तिरका_डोळा

विषय रोचक, पण बेअरिंग म्हटलं की मला जर्मनीतलं श्वाइनफुर्ट आठवतं. १९४३ मध्ये अमेरिकनांनी बेअरिंगच्या कारखान्यांवर १७ ऑगस्टला आणि १४ ऑक्टोबरला बाँब टाकले आणि दुसऱ्या खेपेला स्वतःची ६० विमानं घालवून बसले. त्या बेअरिंगमध्ये कुठे चांदी होती?

दहा_अकरा_पाना

ती गोळ्यांची आणि रोलरची बेअरिंगं. इथे चाललंय ते साध्या, सरकत्या बेअरिंगबद्दल. आत गोळी नाही, रोलर नाही, फक्त गुळगुळीत कवच आणि तेलाचा पडदा. तेलाचा पडदा शाबूत असेल तर धातू धातूला लागतच नाही. धातूची परीक्षा होते ती पडदा फाटतो त्या क्षणी.

दोन्हींची एक गाठ मात्र आहे. जर्मनांच्या डीबी ६०१ या विमानाच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर होते. पुढच्या डीबी ६०५ मध्ये त्यांनी तिथे साधं बेअरिंग घातलं. त्या इंजिनाचे सुरुवातीचे दिवस वाईट गेले, १९४३ च्या शरद ऋतूपर्यंत पूर्ण बूस्ट (सिलिंडरात जादा दाबाने हवा भरून मिळणारी ताकद) वापरायलाच बंदी होती. दोष एकट्या बेअरिंगचा नव्हता, तेलव्यवस्थेचाही होता. पण गप्पांमध्ये काय उरलं? "रोलर काढले आणि घात झाला."

रसायनी

पालीबद्दल थोडं रसायनशास्त्र. मुळात आधी तांबं-शिसं यायला हवं, चांदी नंतरची.

तांबं आणि शिसं वितळवून एकत्र ओतलं तरी गोठताना ती एकमेकांत विरघळून राहत नाहीत. तांब्याची जाळी बनते आणि तिच्या भोकांत शिसं बसतं. अनारसा डोळ्यांपुढे आणा. जाळी भार पेलते, शिसं घसरण देतं. व्हाइट मेटलपेक्षा कितीतरी दणकट. १९३० च्या दशकात वेग आणि दाब वाढले तसं हे आणि कॅडमियम-चांदीसारखे मिश्रधातू गाड्यांत आले. आणि मग बेअरिंगं कुरतडली जाऊ लागली.

तेल गरम होऊन हवेशी भिडलं की त्यात सेंद्रिय आम्लं तयार होतात. कथिलाला ती फारशी शिवत नाहीत. शिसं आणि कॅडमियम मात्र खातात. अनारशातलं तूप शोषून घेतलं तर जशी कोरडी जाळी उरेल, तशी तांब्याची जाळी उरते, आणि तीही मग ढासळते.

खरी गंमत पुढे आहे. जे तेल जास्त शुद्ध केलेलं, महागडं, पिवळंधमक, त्याच तेलात हा त्रास अनेकदा जास्त दिसायचा. कारण कच्च्या तेलात गंधकाची काही संयुगं जात्याच असतात आणि ती तेलाला आंबू देत नाहीत. सॉल्व्हंटने धुऊन तेल चकचकीत केलं की हा राखणदारही धुऊन जातो. आता विचार करा, महाग तेल विकणाऱ्याने काय म्हणावं? आमचं तेल इतकं शुद्ध की त्यात खोट असूच शकत नाही, खोट बेअरिंगमध्ये. आणि स्वस्त तेलवाल्याने? बघा, त्यांचं तेल बेअरिंग खातं. दोघांच्याही हातात खऱ्याखुऱ्या कुरतडलेल्या बेअरिंगचा तुकडा. दोघंही अर्धं खरं बोलतायत. निव्वळ खोट्याला माणूस एकदा फसेल, अर्ध्या खऱ्याला वर्षानुवर्षं फसतो.

इंडियमबद्दल: ते पॉलिश नव्हतं. शिशाच्या थरावर इंडियमचा मुलामा द्यायचा आणि मग भाग गरम तेलात ठेवायचा. इंडियम १५७ अंशांच्या आसपास वितळतं, ते शिशात झिरपत जातं. शंभरात चार-पाच भाग इंडियम शिशात गेलं की आम्लं त्या शिशाला सहज खाऊ शकत नाहीत. हा धातू १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला सापडला, आणि त्यानंतर सत्तर वर्षं त्याचं काय करायचं हे कोणाला सुचलं नव्हतं. विमान इंजिनांची बेअरिंगं हा त्याचा पहिला मोठा धंदा. आज तुमच्या मोबाइलच्या पडद्यात तोच आहे.

सोलापुरी_चादर

वालचंद आमच्या सोलापूरचे, एवढं नोंदवून पुढे जातो.

खाणवाल्यांच्या वावडीला बूड होतं हो. १९३४ मध्ये अमेरिकेने चांदी खरेदीचा कायदा केला. चांदीच्या खाणी असलेल्या राज्यांच्या सिनेटरांनी रेटून करून घेतलेला. सरकारने ढिगाने चांदी घेतली आणि तळघरांत भरली. त्यामुळे युद्ध लागलं तेव्हा परिस्थिती उलटी झाली: तांबं मिळेना, कथिल मिळेना, आणि चांदी पडून. अणुबाँबसाठी ओक रिजला जी प्रचंड विद्युतचुंबकं बांधली, त्यांच्या वेटोळ्यांना तांबं नव्हतं म्हणून सरकारी तिजोरीतून तेरा हजार टनांवर चांदी उसनी आणली. तेव्हा "बेअरिंगात चांदी म्हणजे उधळपट्टी" हे वाक्य ऐकायला खणखणीत आहे, पण त्या वर्षांत कथिलच जास्त जपून वापरायची चीज होती.

आता आपल्याकडे बघा. १९४० मध्ये रुपयातली चांदी ११/१२ वरून निम्म्यावर आली. माझी पणजी जुना रुपया दगडावर वाजवून घ्यायची, नवा आला की तोंड वाकडं करायची. त्याच काळात बंगलोरला कोणी म्हणत असेल की गोरे चांदी इंजिनात घालतात, तर ऐकणाऱ्याचा जळफळाट होणारच. पुढे १९४३-४४ मध्ये अमेरिकेनेच हिंदुस्थानला २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली, नाण्यांसाठी आणि भाव आटोक्यात ठेवायला. ती आपण पुढे परतही केली. आजोबांच्या पेपरवेटच्या आजूबाजूला एवढा सगळा बाजार होता.

ओतारी_बुवा

चाळीस वर्षं व्हाइट मेटल ओतलंय, तेव्हा चार शब्द.

चांदी ही विमानवाल्यांची श्रीमंती. बाकी जगाचं, म्हणजे पंप, बोटी, गिरण्या, रेल्वेचे डबे, यांचं बेअरिंग म्हणजे बॅबिट. आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये पेटंट घेतलं ते. शंभरात ८९ कथिल, बाकी अँटिमनी आणि तांबं. याला बाजारात "असली" बॅबिट म्हणायचे. आणि "असली" शब्द एकदा रूढ झाला की समोरचं आपोआप नकली ठरतं, त्यासाठी वेगळी अफवा सोडावी लागत नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानकडे गेले, म्हणजे जगातल्या कथिलाचा मोठा वाटा गेला. अमेरिकेने कथिलावर सरकारी निर्बंध आणले, टेक्ससमध्ये बोलिव्हियाच्या खनिजासाठी भट्टी काढली, आणि सांगितलं, शक्य तिथे शिशाचं बॅबिट वापरा. शिसं ८३ टक्के, अँटिमनी १५, एक टक्का कथिल, एक टक्का आर्सेनिक, असा त्यातला एक चांगला नमुना. भाव बघा: कथिल पौंडाला ५२ सेंट, शिसं साडेसहा. इतकी वर्षं ज्यांनी "शिसं म्हणजे भेसळ" सांगून कथिल विकलं, तेच लोक आता शिसं विकायला निघाले. गिऱ्हाइकाने विश्वास कसा ठेवावा?

बरं, धातू वाईट होता का? माझ्या हाताने दोन्ही ओतलेत. शिशाचं बॅबिट मध्यम भाराला उत्तम चालतं. पण त्याचा हात वेगळा. कवचाला कल्हई नीट नसेल, कवच पुरेसं तापवलं नसेल, भांड्यात ढवळणं राहिलं, तर अँटिमनी वर तरंगतं आणि धातू खालीवर वेगळा होतो. कथिलाचा ओतारी चुकला तरी थोडं निभतं. शिशाचा चुकला की बेअरिंग सुटतं. आणि सुटलं की ओतारी काय म्हणणार? "माझं चुकलं"? छे! "धातूच युद्धातला."

जर्मनांनी हे आधीच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धात भोगलं होतं. कथिलाची नाकेबंदी झाली तेव्हा रेल्वेसाठी त्यांनी "बान्हमेटल" काढलं. शिशात चिमूटभर कॅल्शियम, सोडियम आणि अगदी किंचित लिथियम. मिळून दीड टक्काही नाही. धातू कडक आणि टिकाऊ. पण त्याच्या दोन खोडी. परत परत वितळवलं की ती चिमूट जळून जाते आणि नुसतं शिसं उरतं. आणि चुकून जुन्या अँटिमनीवाल्या भंगारात मिसळलं तर कॅल्शियम अँटिमनीला धरून गाळ होऊन बसतं, दोन्ही धातू वाया. म्हणजे एका भांड्याला एकच धातू, अशी सोवळ्यातली शिस्त हवी. जिथे शिस्त तिथे ते वर्षानुवर्षं चाललं.

तिरका_डोळा

सगळे मिळून वावड्यांना झोडपताय, पण तुमचेच प्रतिसाद वाचून मला वाटतं की वावड्या बऱ्याच बरोबर होत्या. शिसं आम्लाने खाल्लं जातं: खरं. चांदी पोलादाला चिकटते: वरचा शिशाचा थर गेला तर खरं. शिशाचं बॅबिट चुकीला माफ करत नाही: ओतारी बुवांनी स्वतः लिहिलंय. मग फिटरच्या मनातली पाल चुकीची कशी? धंद्यातला माणूस अफवा उठवतो हे कबूल, पण अनेकदा अफवा हीच पहिली बातमी असते. कारखान्याचा अहवाल यायला वर्ष लागतं.

दहा_अकरा_पाना

मुद्दा पटला, आणि माझ्या मूळ लेखातली ती जागा लंगडी होती हे मान्य. पण "चांदी चिकटते" याचा अर्थ काय लावायचा? चांदी उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंत पहिली. तिची थकवा सोसण्याची ताकद दांडगी. तिची उणीव दोन ठिकाणी: तेलातला कचरा ती पोटात घेत नाही, आणि उघडी पडली तर पोलादाला धरते. म्हणून तर वर शिसं. उणीव बनवणाऱ्यांना ठाऊक होती आणि उत्तर तिथेच बेअरिंगवर चढवलेलं होतं. वावडीत उणीव सांगितली जाते, शिसं गाळलं जातं.

पॅकार्डने अमेरिकेत रोल्स-रॉइसची मर्लिन इंजिनं बनवायला घेतली, तेव्हा मेन बेअरिंगचं तांबं-शिसं बदलून चांदी-शिसं आणि त्यावर इंडियम असंच केलं. त्या काळच्या तेलाने होणारी कुरतड टाळायला. अशी ५५ हजारांवर इंजिनं निघाली.

पण वावड्या खऱ्या अर्थाने मोडल्या त्या इंजिनांनी नाही, तराजूने. हे मला सगळ्यात आवडलेलं. युद्धाच्या सुमारास अमेरिकेत तेलाच्या ठरलेल्या चाचण्या आल्या. त्यातली एक एल-४. शेव्हरोलेचं सहा सिलिंडरचं इंजिन, तेल ठरलेल्या तापमानाला, ३६ तास सलग. त्यात तांबं-शिशाची बेअरिंगं बसवायची. आधी वजन करायचं, ३६ तासांनी काढून धुऊन परत वजन. किती मिलिग्रॅम घटलं ते लिहायचं. दुसरी एल-१, कॅटरपिलरचं एका सिलिंडरचं डिझेल, ४८० तास, पिस्टनच्या रिंगा चिकटतात का बघायला. सैन्याला तेल विकायचं तर या कसोट्या उतरा. तेच इंजिन, तेच बेअरिंग, तेच तास. बदललं फक्त तेल. आता विक्रेत्याने कितीही काड्या टाकल्या तरी तराजूचा काटा त्याच्या बाजूने बोलत नव्हता.

जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या अंडरवुड यांनीही यासाठी एक यंत्र केलं होतं, त्यात इंजिनच नाही, गरम तेलाचे फवारे सरळ बेअरिंगच्या तुकड्यांवर. इतका साधा विचार, आणि भांडण कितीतरी वर्षांचं!

रसायनी

त्या चाचण्यांची गरज का पडली, हेही मजेशीर आहे. १९३५ मध्ये डिझेलच्या रिंगा चिकटू नयेत म्हणून कॅलिफोर्नियात पहिलं डिटर्जंट घातलेलं तेल निघालं. रिंगा स्वच्छ झाल्या आणि तांबं-शिशाची बेअरिंगं कुरतडली जाऊ लागली. मग आम्लं आवरायला निरनिराळी औषधं शोधली गेली. १९४१ च्या सुमाराला त्यातलं एक नाव आलं, झिंक डायथायोफॉस्फेट. आज इंजिन ऑइलच्या डब्यावर "अँटी-वेअर" म्हणून ज्याची जाहिरात असते तेच. मुळात ते झीज थांबवायला आणलेलंच नव्हतं, तेल आंबू नये आणि तांबं-शिशाचं बेअरिंग वाचावं म्हणून आणलं. झीज थांबते हे मागाहून कळलं.

शेडबाबू

आणि तेच झिंक चांदीला विष. याची राखण मी नोकरीभर केली.

आमच्या डिझेल शेडमध्ये दोन घराणी होती. अल्को आणि इएमडी, दोन्ही रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या अमेरिकन कंपन्या. इएमडीच्या ५६७ इंजिनापासून पिस्टनच्या पिनखाली चांदीचं बेअरिंग. भारतात ही जात १९६२ मध्ये डब्ल्यूडीएम-४ बरोबर आली, ७२ इंजिनं. त्या बेअरिंगला झिंकवालं तेल चालत नाही, त्यातलं गंधक चांदीला लागतं. इएमडीला झिंकमुक्त तेलच हवं. अल्कोला ही अडचण नाही.

एकदा एका पुरवठादाराचा माणूस शेडमध्ये हळूच सांगत फिरला की झिंकमुक्त तेल म्हणजे फक्त जादा पैसे काढायचं नाटक, चांदीबिंदी काही नसते आत. आमच्या फोरमननी काय केलं? स्टोअरमधून बाद झालेला बुश मागवला, त्याच्यासमोर टेबलावर आपटला आणि विचारलं, "ही काय मग, कल्हई?"

तरी पिंपांना रंगाचे पट्टे मारून ठेवले होते. बोलण्यावर भरवसा नको.

ओतारी_बुवा

फोरमनना दंडवत!

तिरका_डोळा

शेडबाबूंच्या किश्शापुढे माघार. पण एक शंका उरतेच. आजोबांच्या डकोटाच्या इंजिनाला मग झिंकवालं तेल कोणी घालत नव्हतं का? की तिथेही असंच पिंप-पिंप?

रसायनी

नाही, त्या काळी विमानाच्या पिस्टन इंजिनांना सरळ खनिज तेल लागायचं, असली औषधं न घातलेलं. त्यामुळे "तेलाने चांदी काळी पडते" अशीही वावडी तिथे असलीच, तर ती गाडीच्या तेलावरून विमानाच्या बेअरिंगवर डकवलेली असणार. गाडीवाला फिटर आणि विमानवाला फिटर चहाला एकाच टपरीवर बसले की एवढं पुरतं.

चिमणी

अवांतर: आईंनी रांगोळीने घासून काढली ती काळपट साय म्हणजे शिसंच ना? हात धुतले होते का?

दहा_अकरा_पाना

शिसंच, इंडियमसकट. केसाच्या जाडीच्याही आतला थर. आईला आत्ता फोन करून विचारलं. म्हणते, "धुतले असतील, मग फराळाला बसलो ना!"

तुकडा अजून माझ्याकडे आहे. रांगोळीने उघडी पडलेली चांदी पुन्हा काळी पडत चाललीय. तेलाचा हात फिरवून ठेवावा म्हणतो.

शेडबाबू

झिंकमुक्त फिरवा.